मोबाईलच्या पोटातला चार्जर

 

भारतातून अमेरिकेत आलेल्या मराठी घरांना एक गोष्ट फार लवकर कळते. तिकडून हौसेने आणलेला मिक्सर इथे तसाच लावता येत नाही. भारतात भिंतीतून २३० व्होल्ट येतात, इथे १२०. मग विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मर शोधा, नाहीतर सरळ इथला मिक्सर घ्या. फोनच्या चार्जरला मात्र हा प्रश्न पडत नाही. साताऱ्यात लावा की सॅन होजेत, तो चालतो. वजनाने हलका, आणि पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं : १०० ते २४० व्होल्ट.

आज त्या चार्जरचा इतिहास सांगणार आहे. मी आयटी सल्लागार आहे, आणि शिक्षण एमबीएचं. कंपनीत पैसा आणि वेळ कुठे गळतो हे शोधणं माझं रोजचं काम. त्यामुळे असेल, पण ही गोष्ट मला फार आवडते, कारण ती एक मोठी गळती बंद केल्याची गोष्ट आहे. आणि त्याहून महत्त्वाचं, वेळेवर थांबायला शिकल्याची गोष्ट आहे. हे थांबणं चुकलं तर काय होतं, ते शेवटी येईलच.

आधी एक घोटाळा दूर करूया. भिंतीत खोचतो त्याला आपण सगळेच चार्जर म्हणतो, पण तो खरं तर अडॅप्टर. त्याचं काम एवढंच, की भिंतीतल्या १२० किंवा २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करून वायरीत सोडायचे. खरा चार्जर फोनच्या आत असतो. नखापेक्षा लहान एक चिप, शेजारी एक छोटी कॉइल, दोन-चार कपॅसिटर. बॅटरीला किती द्यायचं, कधी द्यायचं आणि कधी बंद करायचं, हे ती चिप ठरवते. गंमत अशी, की भिंतीतला अडॅप्टर आणि फोनमधली चिप दोघंही एकच युक्ती वापरतात. त्या युक्तीला म्हणतात स्विचिंग.

ती समजण्यासाठी जुनी पद्धत आठवूया. आपल्याकडे ट्रान्झिस्टर रेडिओला सेल परवडत नसत, म्हणून घरोघर 'बॅटरी एलिमिनेटर' असायचा. काळा, जड, तासाभरात गरम होणारा डबा. आत लोखंडाच्या पट्ट्यांवर तांब्याच्या तारेचे वेढे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. भिंतीतली वीज सेकंदाला ५० वेळा, अमेरिकेत ६० वेळा, उलटसुलट होते. इतक्या संथ लयीत ऊर्जा पलीकडे पोचवायची तर दर खेपेला मोठा बोजा वाहावा लागतो, म्हणून लोखंडही भरपूर लागतं. त्यानंतर व्होल्टेज थोडं जास्त उरलं, तर ते कमी करायचा साधा मार्ग म्हणजे मध्ये अडथळा घालायचा आणि उरलेलं उष्णतेच्या रूपाने जाळून टाकायचं. याला लिनियर पद्धत म्हणतात.

व्यवहाराच्या भाषेत सांगतो. दुकानात ३ रुपये ७० पैशांची वस्तू घ्यायची आहे आणि तुमच्याकडे फक्त ५ रुपयांच्या नोटा आहेत. प्रत्येक वस्तूमागे तुम्ही एक नोट देता आणि उरलेले १ रुपया ३० पैसे तिथल्या तिथे चुलीत टाकता. लिनियर पद्धत अशी. साधी, स्वस्त, बिनतक्रार, पण दर वेळी चूल पेटलेलीच.

दुसरी पद्धत कुंभाराच्या चाकासारखी आहे. कुंभार काठीने चाकाला मधूनमधून जोर देतो. जोर तुटक असतो, चाक मात्र अखंड फिरतं, कारण ते जड असतं आणि मिळालेली गती धरून ठेवतं. स्विचिंग सर्किटमध्ये काठी म्हणजे स्विच आणि चाक म्हणजे कॉइल. स्विच लागतो, कॉइलमध्ये करंट वाढतो. स्विच सुटतो, तरी कॉइल करंटला एकदम थांबू देत नाही. साठवलेल्या ऊर्जेवर ती तो पुढे ढकलत राहते, आणि त्याला वाट मिळावी म्हणून त्या वेळी दुसरा एक स्विच लागतो. ५ व्होल्ट येत असतील आणि ३.७ हवे असतील, तर पहिला स्विच साधारण ७४ टक्के वेळ लावायचा, २६ टक्के वेळ सोडायचा. हे चक्र सेकंदाला लाखो वेळा. चुलीत टाकायला फारसं काही उरतच नाही. आणि भिंतीतून १०० आले काय किंवा २४० आले काय, स्विच किती वेळ लावायचा तेवढं बदललं की काम झालं. आपला चार्जर साताऱ्यात आणि सॅन होजेत सारखाच चालतो तो यामुळे.

ही युक्ती नवी नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत मोटारींमध्ये रेडिओ बसू लागले. तेव्हाच्या रेडिओत काचेच्या नळ्या असत आणि त्यांना दोनशेच्या आसपास व्होल्ट लागत. मोटारीची बॅटरी होती ६ व्होल्टची. मग व्हायब्रेटर नावाचा एक छोटा डबा आला. त्यात धातूची पट्टी सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरायची आणि बॅटरीचा प्रवाह जोडायची-तोडायची. त्या तुटक प्रवाहावर ट्रान्सफॉर्मर चालायचा आणि व्होल्टेज वाढायचं. तो डबा चक्क गुणगुणायचा. पट्ट्या झिजायच्या, बदलाव्या लागायच्या. हा लोखंडी पट्टीचा स्विच म्हणजे आपल्या चार्जरचा आजोबा.

ट्रान्झिस्टर आला आणि थरथरणाऱ्या पट्टीची गरज संपली. पण लवकरच्या काळात ही सर्किटं महाग होती, म्हणून ती जिथे ग्रॅमचा हिशेब होतो तिथेच गेली : क्षेपणास्त्रं आणि उपग्रह. जुलै १९६२ मध्ये टेलस्टार हा संदेशवहनाचा उपग्रह सुटला, त्यात असं स्विचिंग सर्किट होतं. सामान्य माणसाच्या घरात ते यायला आणखी पंधरा वर्षं लागली.

१९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात रॉबर्ट बोशर्ट नावाच्या इंजिनियरने नोकरी सोडून घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पॉवर सप्लाय बनवायला सुरुवात केली. त्याचा ध्यास एकच : स्विचिंग सप्लाय स्वस्त करायचा, इतका की छापणाऱ्या प्रिंटरमध्येही तो परवडावा. १९७६ मध्ये सिलिकॉन जनरल या कंपनीत बॉब मॅमानो यांनी एसजी १५२४ ही चिप तयार केली. स्विच किती वेळ लावायचा आणि किती वेळ सोडायचा हे ठरवायला आधी मूठभर सुटे भाग लागत. ते सगळं एका चिपमध्ये आलं. पुढच्या वर्षी, १९७७ मध्ये, ॲपल टू हा संगणक बाजारात आला. स्टीव्ह जॉब्जना आत पंखा नको होता, कारण पंख्याचा आवाज त्यांना खपत नसे. पंखा नको तर उष्णता नको, आणि उष्णता नको तर जुना लिनियर सप्लाय चालणार नाही. रॉड होल्ट यांनी स्विचिंग सप्लाय बनवून दिला आणि १९७८ मध्ये ॲपलला त्याचं पेटंट मिळालं.

जॉब्ज पुढे म्हणत, की जगातल्या सगळ्या संगणकांनी होल्टची नक्कल केली. इतिहास तसं सांगत नाही. होल्टच्या आधी अनेक कंपन्यांच्या यंत्रांत स्विचिंग सप्लाय होते. खरा बदल घडवला तो जास्त व्होल्टेज झेलणाऱ्या, वेगवान आणि स्वस्त ट्रान्झिस्टरांनी. असं नेहमीच होतं. कल्पना जुनी असते, तिचा भाव उतरतो तेव्हा ती नवी म्हणून बाजारात येते आणि श्रेय ज्याच्या दुकानाची पाटी मोठी त्याला जातं.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळूया, बॅटरीकडे.

३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला. त्या फोनवर अर्धा तास बोलता यायचं आणि मग दहा तास चार्ज करावं लागायचं. त्या काळातल्या हातातल्या उपकरणांत निकेल-कॅडमियम बॅटरी असे. ती एका अर्थाने गरीब गाय. पूर्ण भरल्यावरही हळूहळू करंट देत राहिलात तर आत तयार होणारा प्राणवायू आतच जिरायचा आणि जास्तीची वीज उष्णतेत जायची. म्हणून 'रात्रभर लावून ठेवा' हा सल्ला चालून जायचा. इन्व्हर्टरच्या शिसं-आम्ल बॅटरीचंही तसंच. जास्त चार्ज झाली तर पाणी उडतं, आपण डिस्टिल्ड वॉटर घालतो आणि पुढे चालतो. या बॅटऱ्या चार्जरच्या चुका पोटात घालत.

लिथियम पोटात घालत नाही.

१९७२ मध्ये न्यू जर्सीत एक्सॉनच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांचं काम सुरू झालं. होय, तीच तेल कंपनी. तेल संपलं तर काय, या काळजीने तिने बॅटरीत पैसा घातला होता. व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांत लिथियमचे अणू सरकवून दाखवले, दोन व्होल्टहून जास्त देणारी आणि पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. पण दुसऱ्या बाजूला शुद्ध लिथियम धातू होता. चार्ज करताना त्यावर मिशांसारखे बारीक तंतू वाढायचे, ते पलीकडे टेकले की शॉर्ट सर्किट आणि आग. अग्निशमन दलाला तिथे इतक्या वेळा यावं लागलं, की शेवटी त्यांनी लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचे पैसे प्रयोगशाळेकडून वसूल करण्याची धमकी दिली.

१९८० मध्ये ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून व्होल्टेज चारपर्यंत नेलं. १९८५ मध्ये जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी लिथियम धातू काढून टाकला आणि त्याच्या जागी कार्बन ठेवला, म्हणजे तंतूंचं मूळच उपटलं. १९८९ मध्ये जपानमधल्या मोबाईल फोनांतल्या लिथियम धातूच्या बॅटऱ्या पेट घेतात म्हणून परत मागवाव्या लागल्या, आणि योशिनोंचा रस्ता बरोबर असल्याची सगळ्यांची खात्री पटली. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा टेक्सासमध्ये शिकवणारे गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

बॅटरी सुरक्षित झाली, पण अट घालून. तिला ४.२ व्होल्टच्या पलीकडे नेऊ नका. नेलंत तर कोबाल्टच्या बाजूची रचना ढासळू लागते, आणि कार्बनमध्ये जागा न उरल्याने लिथियम त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचायला लागतं. म्हणजे एक्सॉनच्या प्रयोगशाळेतलं भूत परत दारात. ०.१ व्होल्ट कमी भरलीत, तर साधारण दहा टक्के क्षमता वाया. म्हणून चार्जरने व्होल्टेज एक टक्क्याच्या आत राखायला हवं. ४.२ व्होल्टचा एक टक्का म्हणजे ४२ हजारांश व्होल्ट. १९९० च्या दशकात काही सेल ४.१ चे आणि काही ४.२ चे असत, त्यामुळे चार्जरच्या चिपाही दोन प्रकारच्या विकल्या जात. इकडची तिकडे लावून चालत नसे. आजच्या अनेक फोनांतले सेल ४.४ च्या आसपास जातात, पण नियम तोच : ज्या सेलची जी रेषा, त्या रेषेवर थांबा.

चार्जिंगची पद्धत या कडक स्वभावातून ठरली. ती तीन टप्प्यांची आहे.

पहिला टप्पा पेजेचा. बॅटरी अगदी रिकामी झाली असेल, तीन व्होल्टच्या खाली, तर तिला एकदम भरपूर करंट देत नाहीत. मोठा उपास सोडताना आपण आधी पेज देतो तसं नेहमीच्या साधारण दहाव्या हिश्श्याने सुरुवात करतात. सेल खराब असेल तर तो इथेच कळतो, कारण व्होल्टेज चढतच नाही. ठरावीक वेळेत चढलं नाही तर चिप नाद सोडते.

दुसरा टप्पा पोटभर जेवणाचा. करंट एकसारखा ठेवायचा आणि व्होल्टेज आपोआप चढू द्यायचं. बॅटरीचा बहुतेक भाग इथेच भरतो. जाहिरातीत 'अर्ध्या तासात अर्धी बॅटरी' असं लिहितात ते या टप्प्याच्या जोरावर.

तिसरा टप्पा उसाच्या रसाचा. रसवंतीत पेला भरताना फेस काठाला लागतो, पण खाली रस पाऊणच असतो. रसवाला थांबतो, फेस बसू देतो, मग थोडा थोडा ओततो. बॅटरीतही करंट जोरात असताना व्होल्टेज प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं, कारण आतल्या रोधाचा फेस त्यात मिसळलेला असतो. ४.२ दिसले म्हणजे भरली असं नाही. मग चिप व्होल्टेज ४.२ वर धरून ठेवते आणि बॅटरी ओढेल तेवढाच करंट देते. तो हळूहळू कमी होत जातो. सुरुवातीच्या दहाव्या हिश्श्यावर आला की चार्जिंग पूर्ण बंद. शेवटचे वीस टक्के इतके रेंगाळतात ते यामुळे, फोन बिघडला म्हणून नाही.

शिवाय चिप तापमानही पाहते. शून्य अंश सेल्सियसखाली लिथियमला कार्बनमध्ये शिरायला वेळ लागतो आणि ते बाहेरच धातू म्हणून साचतं. मिनेसोटात किंवा शिकागोत जानेवारीत रात्रभर गाडीत राहिलेला फोन चार्ज व्हायला नकार देतो, तेव्हा तो शहाणपणाने वागत असतो. साधारण ४५ अंशांच्या वरही तसंच.

इथे आपले दोन धागे जवळ आले. कडक स्वभावाची बॅटरी एका बाजूला, बिनगळतीचं सर्किट दुसऱ्या बाजूला. पण लगेच लग्न झालं नाही. कॅलिफोर्नियातल्या लिनियर टेक्नॉलॉजी या कंपनीने १९९० च्या दशकात एलटी १५१० ही स्विचिंग चार्जर चिप काढली, सेकंदाला दोन लाख वेळा स्विच करणारी. मोठ्या करंटच्या उपकरणांना ती उपयोगी पडली. साध्या फोनांत मात्र अनेक वर्षं लिनियर चार्जरच राहिला. फोनची बॅटरी लहान, करंट थोडा, मग कॉइलचा खर्च कशाला? व्यवहाराच्या दृष्टीने ते चूकही नव्हतं.

पारडं फिरवलं ते यूएसबीने. यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. ती घडवणाऱ्या इंटेलमधल्या गटाचे एक प्रमुख अजय भट्ट, मूळचे बडोद्याचे. ती आणली होती कीबोर्ड आणि माऊससाठी. एका जोडणीतून जास्तीत जास्त अर्धा अँपिअर, ५ व्होल्टला, म्हणजे अडीच वॉट. तिच्यावर जगभरचे फोन चार्ज होतील हे कुणाच्या गणितात नव्हतं. पण लोकांनी तेच केलं, कारण लॅपटॉप जवळ असायचा आणि वायर एकच लागायची.

आता हिशेब करा. लिनियर चार्जरमध्ये जेवढा करंट आत येतो तेवढाच बाहेर जातो. यूएसबीने अर्धा अँपिअर दिला तर बॅटरीलाही अर्धाच. ३.७ व्होल्टला त्याचे होतात १.८५ वॉट. अडीचपैकी २६ टक्के चुलीत. स्विचिंग चार्जर करंट जसाच्या तसा पुढे सरकवत नाही, तो मोड करून देतो. दहा टक्के कमिशन धरा. अडीच वॉटमधले सव्वादोन उरले. त्यांना ३.७ ने भागा, ०.६ अँपिअर होतात. बॅटरी रिकामी असताना, ३ व्होल्टला, ०.७५ अँपिअर. आत अर्धा, बाहेर पाऊण. ऐकायला जादू वाटते, पण वॉट वाढलेले नाहीत. फक्त व्होल्टची नोट मोडून अँपिअरची चिल्लर घेतली आहे, आणि दलाल प्रामाणिक निघाला.

मग स्मार्टफोन आले, बॅटऱ्या मोठ्या झाल्या. २०१० च्या नव्या यूएसबी नियमांत चार्जिंगसाठी दीड अँपिअरपर्यंत मुभा मिळाली. पुढे फास्ट चार्जिंगवाल्यांनी वायरीतून ९ व्होल्ट पाठवायला सुरुवात केली, कारण त्याच करंटमध्ये जास्त वॉट पोचतात. लिनियर चार्जरने ९ व्होल्ट आणि २ अँपिअर घेतले असते तर ५.३ गुणिले २, म्हणजे साडेदहा वॉटहून जास्त उष्णता एका चिमुकल्या चिपमध्ये. लहान सोल्डरिंग आयर्नच्या जवळ जाणारा हा आकडा. खिशातल्या वस्तूत ते शक्यच नव्हतं. स्विचचा वेगही तोवर सेकंदाला दहा-तीस लाख वेळांवर पोचला होता. वेग वाढला की दर खेपेचा बोजा कमी होतो, आणि कॉइल तांदळाच्या काही दाण्यांएवढी होऊन फोनमध्ये मावते.

त्याच काळात भिंतीकडचा काळा डबाही गेला, आणि तो कायद्याने गेला. अमेरिकन काँग्रेसने २००७ मध्ये ऊर्जेविषयी कायदा केला. त्यानुसार १ जुलै २००८ पासून बनलेल्या अडॅप्टरने काही जोडलेलं नसताना अर्ध्या वॉटपेक्षा जास्त वीज खायची नाही. लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या स्वस्त डब्यांना हे जड होतं. काही वर्षांत ते दुकानांतून दिसेनासे झाले.

स्विचिंगला खोड नाही असं नाही. इतक्या वेगाने जोडलं-तोडलं की रेडिओलहरी निघतात. स्वस्तातला चार्जर एएम रेडिओजवळ धरून पाहा, गुरगुर ऐकू येईल. अशा लहरींवर इथे एफसीसीची मर्यादा आहे आणि चांगले उत्पादक ती पाळतात. कानातल्या छोट्या इअरबडमध्ये आजही बऱ्याचदा लिनियर चार्जरच असतो, कारण तिथे करंट इतका थोडा की चूल जेमतेम कोमट होते. ज्याचं काम त्यानं करावं.

आता शेवटची आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

बहुतेक फोनमध्ये एकच सेल असतो, आणि सेल, चिप, तापमान पाहणारा भाग ही सगळी एकाच घरची माणसं. एकमेकांना ओळखतात. म्हणून तुम्ही अडॅप्टर कुठलाही लावा, शेवटचा निर्णय आतली चिप घेते. वायर बारीक किंवा खराब असेल आणि ५ व्होल्टचे साडेचार होऊन पोचत असतील, तरी अनेक चिपा ते ओळखतात आणि हात आखडता घेतात. फोन हळू चार्ज होतो, एवढंच. अर्थात १२० व्होल्टच्या बाजूची सुरक्षा अडॅप्टरचीच जबाबदारी, म्हणून तोही यूएलसारख्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा शिक्का असलेला घ्यावा.

इलेक्ट्रिक सायकल आणि स्कूटर यांचं तसं नाही. तिथे अनेक सेल एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येकाची रेषा सांभाळावी लागते, आणि चार्जर बऱ्याचदा बाहेरचा असतो. तो वेगळ्या व्होल्टेजचा असला, किंवा बॅटरी जुन्या सेलांतून कुठेतरी जोडून घेतलेली असली, तर थांबायचं कुणी हेच ठरलेलं नसतं. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटऱ्यांच्या आगींनी १८ माणसांचा जीव घेतला. घरोघरी जेवण पोचवणारे कामगार याच सायकलींवर पोट भरतात, आणि रात्री त्या लहान घरांत, अनेकदा दाराजवळ चार्जिंगला लागतात. आग तिथे लागली की बाहेर पडायची वाटच बंद. त्याच वर्षी सप्टेंबरपासून शहरात असा नियम लागू झाला, की यूएल मानकांवर न उतरलेली इलेक्ट्रिक सायकल, स्कूटर किंवा त्यांची बॅटरी विकता येणार नाही.

आपल्यातल्या कुणाच्या मुलाकडे अशी सायकल असेल, कुणाचा भाचा नुकताच शिकायला आला असेल आणि जुनी स्कूटर घेतो म्हणत असेल, तर त्याला चार गोष्टी सांगा. चार्जर त्या बॅटरीसोबत आलेलाच वापरायचा, पिन बसते म्हणून दुसरा लावायचा नाही. बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंगला ठेवायची नाही. रात्री सगळे झोपल्यावर लावून ठेवायची नाही. बॅटरी फुगली, तापली किंवा विचित्र वास आला तर वापर तिथेच बंद. भारतात जाताना पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही, ती केबिनमध्ये सोबत ठेवायची. आग लागलीच तर तिथे निदान कुणाच्या लक्षात येते.

आणि फोनची बॅटरी जास्त वर्षं टिकावी असं वाटत असेल, तर उशीखाली चार्ज करू नका, कारण उष्णता तिचं आयुष्य खाते. फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर ती वापरा. कठीण काम शेवटच्या टप्प्यात असतं, ते टाळलं की सेलवरचा ताण कमी होतो.

थरथरणाऱ्या पट्टीपासून सेकंदाला वीस-तीस लाख वेळा चालणाऱ्या स्विचपर्यंत यायला सात-आठ दशकं गेली. या प्रवासात स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम करणारा इंजिनियर आहे, एक तेल कंपनी आहे, वैतागलेलं अग्निशमन दल आहे आणि ९७ वर्षांचा प्राध्यापकही आहे. आज रात्री फोन चार्जिंगला लावाल तेव्हा शेवटच्या काही टक्क्यांना उशीर लागला, तर घाई करू नका. आत कुणीतरी फेस बसायची वाट पाहतंय.